विंगमावशीची वाळू

आमच्या नाटक कंपनीत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती विंगमावशी. रंगमंचाच्या डाव्या बाजूला पडद्याच्या घडीआड एक बुटकं स्टूल, मांडीवर नाटकाची संहिता, आणि उजेड फक्त पानावर पडावा म्हणून भोवती पुठ्ठा गुंडाळलेला एक दिवा. एवढं तिचं राज्य. माझं राज्य तिथून चार हातांवर सुरू व्हायचं. मी मुकुट घालून उभा असायचो, प्रेक्षकांत टाळ्या पडायच्या, आणि कुणालाही कळायचं नाही की हा राजा थाटात ज्या शब्दांनी प्रधानाला झापतोय, ते त्याला आत्ताच डाव्या कानानं मिळालेले आहेत.

प्रॉम्प्टर म्हणजे विसरलेलं वाक्य वाचून दाखवणारा माणूस, असं लोकांना वाटतं. तसं असतं तर ते काम कुणीही केलं असतं. नट विसरला हे प्रेक्षकांना कळायच्या आत त्याला शब्द मिळायला हवा. म्हणजे तो विसरणार आहे, हे त्याच्याही आधी दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवं. विंगमावशीला ते श्वासावरून कळायचं. आमची नायिका वाक्य शोधत असली की खांद्यानं श्वास घ्यायची. माझी म्हणे मान ताठ व्हायची आणि मी नेहमीपेक्षा जास्त राजासारखा दिसायला लागायचो. "तुम्ही फार रुबाबदार दिसायला लागलात की मी ओळीवर बोट ठेवायची," हे ती मला अजून ऐकवते. आणि ती कधी पूर्ण वाक्य द्यायची नाही. दोन शब्द, फार तर तीन. पूर्ण वाक्य दिलं की नट आळशी होतो, म्हणायची. आपण दोन शब्द द्यावेत आणि गप्प बसावं, पुढचं त्याचं त्यानं उचलावं. दुसऱ्याचं वाक्य आपण बोलायचं नाही, हा तिचा कायदा.

कंपनी बंद पडली त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या नाट्यगृहाच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे. मी ज्या जागी शत्रूच्या तलवारीनं शेकडो वेळा मेलो, तिथं पाठ मागं करता येणाऱ्या आरामखुर्च्या मिळतात. मी एकदा जाऊन बसून आलो. खोटं कशाला बोलू, मरण्यापेक्षा बरं वाटलं.

विंगमावशी माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहते, मी तळमजल्यावर एकटा. मुलगा कायम फिरतीवर. घरात असते ती सून, चष्म्याच्या दुकानात कामाला. या दोघींचं जमतं कसं हे आम्हां शेजाऱ्यांना कोडं आहे, कारण दोघींच्याही तोंडाला कुलूप नाही.

"आमच्या सूनबाईला गावाच्या डोळ्यांतलं सगळं दिसतं," मावशी म्हणते. "घरातलं जाळं तेवढं दिसत नाही."

"दिसतं हो आई," सून म्हणते. "कोळी तुमच्या ओळखीतला असला तर, म्हणून हात लावत नाही."

मावशीला बारीक अक्षर झेपेनासं झालं तेव्हा याच सुनेनं तिच्या फोनवर गोष्टी वाचायचं एक ॲप घालून दिलं. तिथं अक्षर दोन बोटांनी ताणावं तेवढं मोठं होतं. मावशी त्यात जी बुडाली ती जेवायला हाक मारली तरी वर येईना. तिथं लिहिणारे कोण, तर कुणीही. नळ दुरुस्त करणारा भुताच्या गोष्टी लिहितो, प्राध्यापक नळ दुरुस्त करणाऱ्याची प्रेमकथा लिहितो. मध्ये प्रकाशक नाही, संपादक नाही, "पुढच्या महिन्यात बघू" नाही. लिहिलं, बटण दाबलं, की हजार लोकांच्या हातात. आणि खाली लगेच लोकांची मतं.

"राजे, हे आपल्या धंद्याच्या जवळचं आहे," मावशी मला म्हणाली. "इथं लिहिणाऱ्याला खुर्च्या करकरलेल्या ऐकू येतात."

तिची सगळ्यांत आवडती लेखिका 'रात्रपाळी' या नावानं लिहायची. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बाई आहे एवढं मावशीनं तिच्या वाक्यांवरून ठरवून टाकलं होतं. गोष्ट एका नदीची. एक शिवणकाम करणारी बाई रोज सकाळी नावेतून पलीकडे जाते. मांडीवर एक पत्र्याची पेटी. नावाडी तिच्याशी बोलायला बघतो, ती हसते, पण पेटीला हात लावू देत नाही. असे पुष्कळ भाग झाले. वाचक पेटीपायी वेडे झाले होते. कुणी म्हणे दागिने, कुणी म्हणे पत्रं. शेवटी एका भागात नाव हेलकावे खाते, पेटी निसटते, नावाडी ती झेलतो. "उघडा," ती म्हणते, "आता एवढं झालंच आहे तर." आणि मग हे वाक्य: "त्यानं झाकण उघडलं आणि आत"

बस. पूर्णविराम नाही, काही नाही. भाग तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आठवडे उलटले तरी नाही.

मावशी खाली माझ्याकडे आली ती चप्पल उलटसुलट घालून.

"राजे, पोरगी अडकलीय."

"कोण पोरगी?"

"रात्रपाळी. वाक्य सुटलंय तिचं. आख्खं थेटर भरलंय आणि ही मधोमध गप्प उभी."

"अगं, थेटर कुठलं? ती गोष्ट आहे. मुद्दाम थांबली असेल, लोकांना ताटकळत ठेवायला."

"मुद्दाम थांबणारा माणूस वाक्य पुरं करून थांबतो. 'आणि आत' वर कोण थांबतं हो?"

हे बिनतोड होतं. मी चहा ठेवला. तिनं तो प्यायलाही नाही. ज्या बाईनं अर्धी हयात लोकांची अडलेली वाक्यं सोडवण्यात घालवली, तिला हे अर्धं वाक्य म्हणजे डोळ्यात गेलेली पापणी झालं होतं.

मग तिनं जे केलं ते जगात फक्त एखादा प्रॉम्प्टरच करू शकतो. त्या भागाच्या खाली एक मोकळी चौकट होती आणि त्यात फिकट अक्षरात लिहिलेलं होतं, 'तुम्हाला काय वाटतं ते लिहा'. मावशीची अशी पक्की समजूत झाली की ही चौकट म्हणजे विंग. इथं लिहिलेलं फक्त लिहिणारीला ऐकू जाणार. वाचकांची जी मतं खाली दिसतात ती कुठल्या तरी दुसऱ्या दारानं येत असतील. तेव्हा तिनं एका बोटानं, दमानं, त्या चौकटीत लिहिलं: "आत वाळू होती." लगेच तिच्या मनात आलं की पोरगी फारच अडकलेली दिसते, एक शब्द जास्त द्यावा. म्हणून पुढं लिहिलं: "काठोकाठ." बटण दाबलं आणि समाधानानं झोपली.

सकाळी सून माझ्या दारात. हसून हसून तिला धड उभं राहवत नव्हतं.

"काका, वर चला. आईंनी काय करून ठेवलंय बघा."

वर गेलो. मावशी फोनकडे अशी बघत होती, जणू तो तिला चावणार होता. तिच्या त्या शब्दांखाली वाचकांची रांग लागलेली. 'वाळू?' 'अहो वाळू कशाला?' 'मला रात्रभर झोप नाही, कोण तुम्ही?' 'पुढं काय?' 'पुढं.' 'पुढं सांगा की बाई.'

"हे सगळ्यांना दिसतं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना," सून म्हणाली.

"म्हणजे मी बोलले ते पार शेवटच्या रांगेपर्यंत गेलं?"

"रांगेपर्यंत काय आई, परदेशापर्यंत गेलं."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. मी तिला इतकी खजील झालेली कधी पाहिलेली नव्हती. एवढ्या वर्षांत तिची कुजबूज पहिल्या रांगेतल्या माणसालासुद्धा ऐकू गेली नव्हती, आणि आता असं.

"पूस ते," ती म्हणाली.

"पुसते. पण त्यांनी वाचलंय. आता पुसलं तर आणखीच बोंब मारतील."

मावशीनं मला विचारलं, "राजे, पडदा उघडा असेल आणि रंगमंचावर कुणीच नसेल तर काय करायचं?"

"पडदा पाडायचा."

"पडद्याची दोरी तिच्या हातात आहे. माझ्या नाही."

तेव्हा ठरलं ते असं: रात्रपाळी परत येईपर्यंत मावशीनं तिची जागा धरून ठेवायची. रोज थोडं थोडं पुढं न्यायचं, आणि दर वेळी वाक्य अर्धं सोडायचं, म्हणजे बाईसाहेब आल्या की त्यांना तिथून उचलता येईल. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही हा कायदा तिनं इथंही पाळला. वाचकांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, काय ही बाई, रोज नेमक्या जागी जीव टांगणीला लावते. उत्कंठा वाढवण्यात हिचा हात कुणी धरणार नाही, असं एकानं लिहिलं. मावशी बिचारी फक्त दुसऱ्याला जागा करून देत होती.

पण दोन शब्द एका बोटानं लिहिणं वेगळं आणि नदी, नाव, वारा, असं सगळं लिहिणं वेगळं. सुनेनं फोनला तोंडानं सांगायची सोय दाखवली. आपण बोलायचं, फोन लिहितो. मावशी फोन तोंडाजवळ धरून बोलली. फोननं काहीच लिहिलं नाही. पुन्हा बोलली. पुन्हा कोरं.

"आई, मोठ्यानं," सून म्हणाली. "तुम्ही त्याच्याशी कुजबुजताय."

"मी बोलतेच आहे."

"तुमचं बोलणं नटांना ऐकू जायचं. हा फोन आहे, ह्याला विंगेतलं ऐकू येत नाही."

शेवटी तिनं आवाज चढवला. आणि मी, जो तिला तरुणपणापासून ओळखतो, त्यानं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. खर्जातला, भरीव, मुळीच न थरथरणारा. अशा आवाजाच्या बाईला आम्ही स्टुलावर बसवून ठेवलं होतं, असं मनात आलं. पण तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, स्टूल माझं होतं, तुम्ही कोण बसवणारे. दुसऱ्या दिवसापासून आख्ख्या जिन्यात नदी वाहायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी मला थांबवून विचारलं, "वरती कुणी नावाडी राहायला आलाय का हो?"

वाचक वाढत गेले. आणि वाढले तसे शहाणेही आले. एकानं लिहिलं, ही बाई नाहीच. हुबेहूब रात्रपाळीसारखं लिहिते, तीच लय, तीच बारकी वाक्यं, एक चूक नाही. माणसाला दुसऱ्याचं इतकं सही सही जमत नाही, हे यंत्र आहे. आजकाल यंत्र कुणासारखंही लिहून देतं. दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानं सांगितलं की यंत्राला विचारून बघा, ते कबूल करेल.

मावशीनं ते मोठं करून दोनदा वाचलं.

"मला यंत्र म्हणतायत."

"मी तुम्हाला मिक्सर म्हणते तेव्हा राग येतो," सून म्हणाली. "यांच्यावर चिडा की जरा."

"चिडू कशाला? मी आयुष्यभर दुसऱ्याच्या श्वासानं श्वास घेतला. पोरगी वाक्यात कुठं थांबते ते मला कळतं. त्यांना ते यंत्राचं काम वाटतं, यात त्यांची काय चूक? त्यांनी प्रॉम्प्टर बघितलेलाच नाही. दिसला तर तो प्रॉम्प्टर कसला?"

त्यातच एका वाचकानं पैज लावली. 'तुम्ही माणूस असाल तर एक चूक करून दाखवा.' झालं. मावशी सकाळपासून चूक शोधत बसली. तिला एकही पसंत पडेना. नावाड्याचं नाव बदलावं तर गोष्टीची वाट लागते. एखादा शब्द वाकडा लिहावा तर हात वळत नाही. "राजे, तुम्ही सांगा," ती मला म्हणाली, "तुम्हाला सवय आहे." मी सुचवलेल्या चुका तिनं 'ढोबळ' म्हणून बाजूला सारल्या.

शेवटी कंटाळून तिनं नेहमीचा भाग सांगायला घेतला आणि बटण दाबून टाकला. संध्याकाळी वाचकांच्या हाती पडलं ते असं: "नावाड्यानं दोर सोडला. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ अगं दूध बघ दूध उतू गेलं, कितीदा सांगितलं मंद ठेव, आता पूस तूच, पलीकडचा काठ कुणीतरी खोडून टाकल्यासारखा"

फोननं इमानेइतबारे सगळं लिहून घेतलं होतं.

त्या रात्री वाचकांनी जो धुमाकूळ घातला तो मी नाटकाच्या शंभराव्या प्रयोगालाही पाहिला नाही. 'दूध पुसलं का?' 'आजी, आमच्याकडेपण रोज हेच.' 'यंत्राच्या घरी दूध उतू जात नाही, मी माझे शब्द मागे घेतो.' कुणीतरी दूध वर यायला लागलं की पातेल्यावर लाकडी चमचा आडवा ठेवा, असा सल्ला दिला, त्यावर वेगळं भांडण जुंपलं. सून जमिनीवर बसून डोळे पुसत होती. मावशी म्हणाली, "आख्ख्या जगाला कळलं माझी सून दूध उतू घालवते. बरं झालं. मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नव्हतं."

पण त्या शहाण्यांपैकी कुणाची तरी तक्रार आधीच ॲपवाल्यांकडे गेलेली होती. दोन दिवसांनी ॲपवाल्यांचा निरोप आला. दुसऱ्याच्या गोष्टीत परवानगीशिवाय लिहिलेले भाग तूर्त झाकून ठेवले आहेत. मूळ लेखिकेनं होकार दिला तर उघडू, नाही तर कायमचे काढून टाकू.

मावशी हे ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. मी मागं गेलो.

"जातील तर जातील," ती पाठमोरीच म्हणाली. "वाक्यं गेल्याचं काही नाही. पण पोरगीला वाटेल मी तिची जागा बळकावली. आणि राजे, खरं सांगू का? मला आता शेवट सुचलाय. वाळू कशाला आहे ते कळलंय मला. रोज भांडी घासताना बघते मी तो शेवट. तो आपला नाही, असं रोज मनाला सांगते, आणि मन ऐकत नाही."

मावशीनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. हे मागणंसुद्धा तिनं भांड्याला सांगितलं, मला नव्हे.

सुनेनं तिला खरी विंग दाखवली: लेखिकेला एकटीला निरोप पाठवायची वेगळी जागा. मावशीनं तीनदा विचारलं, नक्की फक्त तिलाच दिसेल ना. मग लिहिलं, "बाळ, मी तुझी जागा घेतलेली नाही, धरून ठेवलेली आहे. तू ये." उत्तर त्याच दुपारी आलं. "रविवारी घरी येऊ का?"

रविवारी आली ती पस्तिशीतली, उंच, दंडांत जोर असलेली बाई. हातांची कातडी पाण्यानं आणि साबणानं उललेली. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती कामाला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. रात्रपाळीला यंत्रं फिरत असताना बाकड्यावर बसून एका अंगठ्यानं फोनवर गोष्ट लिहायची. त्या दिवशी वाक्य मध्येच असताना घंटा वाजली, ओल्या हातानं भलतंच बटण दाबलं गेलं आणि भाग निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिला दिवसपाळी लागली. दिवसा मुकादम डोक्यावर, फोन कपाटात.

हे सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं. बस म्हटलं तरी बसेना. मावशी खुर्चीत ताठ, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी.

"मावशी, मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "वाळू कशासाठी?"

"लिहिलं तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं? मला वाटलं तुला माहीत असेल."

"मला?"

"तुझी पेटी. मी फक्त आठवण केली."

बाईनं आमच्याकडं पाहिलं, मग मावशीकडं, आणि धपकन सोफ्यावर बसून हसायला लागली. "अहो, माझ्या पेटीत काहीच नव्हतं. मला सुचतच नव्हतं. दिवसपाळी हे लोकांना सांगायला. मी कधीच लिहिलं असतं घरी. पेटीत काय ठेवावं हेच कळेना. पत्र ठेवणार होते."

"पत्र नको," सून आणि मावशी एकदम म्हणाल्या.

"तेच ना. आणि मग तुमची वाळू वाचली. धुलाईखान्यात, चादरींच्या ढिगाऱ्यावर बसून. अंगावर काटा आला. मग रोज तुमचा भाग वाचायला लागले. दूधवाला भाग तर मी बाकीच्या बायकांना वाचून दाखवला."

"मग होकार का नाही दिलास इतके दिवस?" सुनेनं सरळ विचारलं. आमची सूनबाई अशा बाबतीत आडपडदा ठेवत नाही.

बाई म्हणाली, "रागच आला होता. एकीकडे वाचायला मिळतंय म्हणून आनंद, एकीकडे राग. गोष्ट माझी, लोक टाळ्या वाजवणार दुसरीला. मग वाटलं, वाळू तर माझी नाही. मग गोष्ट तरी किती माझी? रोज धुतलेल्या चादरींना इस्त्री करताना हेच. कुणाची गोष्ट आहे ही?"

"तुझी," मावशी म्हणाली. जराही वेळ न लावता. "नदी तुझी, नाव तुझी, ती शिवणारी बाई तुझी. वाळू मी दिली. दिलेल्या वस्तूवर हक्क सांगत नाहीत."

"पण तुमच्याकडं शेवट आहे. भाग वाचताना कळत होतं मला. तुम्ही कुठं तरी निघाला होता."

"आहे."

"सांगा ना."

मावशीनं तिच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. मी ती नजर ओळखतो. त्या नजरेसमोर मी अर्धं आयुष्य उभा होतो. ती त्या बाईचा श्वास बघत होती.

"तू अजून अडलीयस का?"

बाईनं विचार केला. "नाही," ती सावकाश म्हणाली. "वाळू वाचली तेव्हाच सुटले. माझाही शेवट तयार आहे."

"मग मी काही बोलायचं कारणच नाही," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. पाठमोरी होताना तिनं एकदा ओठ घट्ट मिटलेले मी पाहिले. सूनबाईनं उठून गॅस स्वतः लावला आणि मंद ठेवला.

त्यानंतर नावावरून वाद झाला. लेखिका म्हणे दोघींची नावं घालू. मावशी म्हणे प्रॉम्प्टरचं नाव कुठल्या जाहिरातीत बघितलंस? सून म्हणे तुमचं स्टूल आता राहिलं नाही आई, कुणाच्या जिवावर ऐट करताय? तिघी इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की वकीलसाहेब वर येऊन डोकावून गेले. शेवटी लेखिकेनं नावाचा हट्ट सोडला, होकार पाठवला, भाग उघडले गेले, आणि चहा पिऊन ती गेली.

चार दिवसांनी शेवटचा भाग आला. त्याच्या वरती एकच ओळ होती: "ही वाळू विंगमावशीची." मावशीनं ती मला दाखवली आणि म्हणाली, "आगाऊ आहे." पण फोन तिनं दिवसभर त्याच ओळीवर उघडा ठेवला होता, हे मला सुनेकडून कळलं.

शेवट असा होता. त्या शिवणाऱ्या बाईची म्हातारी आई पलीकडच्या काठावर अंथरुणाला खिळलेली. आईचं सगळं बालपण अलीकडच्या काठावर गेलेलं, आणि आता तिला पाय टेकायला तीच वाळू हवी. म्हणून लेक रोज एक पेटी नेते आणि आईच्या खाटेखाली पसरते. हे नावाड्याला कळतं. दुसऱ्या दिवशी ती काठावर येते, तर नावेत बसायला जागाच नाही. आख्खी नाव वाळूनं भरलेली.

मला रडू आलं. मी रडतो, मला कशाचंही रडू येतं, त्यावरच माझं पोट चाललं. पण सूनसुद्धा रडली. मावशी रडली नाही. तिनं फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाली, "फार छान आहे. माझा नव्हे."

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. दुसऱ्यांच्या गोष्टी उघडायची आणि मिटायची. सुनेच्या टोमण्यांना उत्तर देईना, तेव्हा सून घाबरून माझ्याकडं आली. मी वर गेलो तर मावशी खिडकीत.

"राजे, माझ्याकडं एक शेवट पडून आहे. नदी, वाळू काढून टाकली तरी उरतो तो. त्याचं काय करू?"

"त्याची गोष्ट लिही."

"गोष्ट कुठाय? नुसता शेवट आहे. सुरुवात कशी करतात मला ठाऊक नाही. माझ्या हातात नाटक यायचं तेव्हा ते कुणीतरी लिहून झालेलं असायचं."

"मग शेवटच लिही आधी."

"आणि वर काय? कागद वरून खाली येतो."

सून दारातूनच म्हणाली, "आई, कागद येतो वरून खाली. फोनवर शेवट आधी लिहा. मग त्याच्या वर जाऊन लिहा. वरून किती घातलं तरी खालचं आपोआप खाली सरकत जातं. कितीही जागा होते."

मावशी वळली. "खरं?"

"बघा करून."

तिनं फोन घेतला आणि आम्हाला दोघांना खोलीबाहेर काढलं. दार लावून घेतलं. आम्ही जिन्यात उभे. आतून तिचा तो भरीव आवाज यायला लागला तसा सूनबाईनं माझा दंड धरला आणि मला खाली ओढून नेलं. "ऐकायचं नाही काका. शेवट आहे तो."

तेव्हापासून ती उलटी लिहिते आहे. आधी शेवट, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. हा माणूस इथं कसा आला, तर तिथून. तिथं का गेला होता, तर त्याआधी असं झालं. एकदा पार सुरुवातीला पोचली तेव्हा खाली येऊन तिनं माझ्या टेबलावर थाप मारली. "मिळाली," म्हणाली. "पहिली ओळ मिळाली. शेवटच्या दिवशी." आणि मग सगळं सरळ करून ती एकेक भाग लोकांपुढं ठेवायला लागली. लेखिकेच्या जागी नाव 'विंगमावशी'. गोष्ट एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याची आहे. तो दुकान विकायला काढतो, पण येईल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काहीतरी खोट काढून परत पाठवतो. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. धुलाईखान्यातली बाई पहिल्या भागाखाली सगळ्यांत आधी हजर होती. तिनं लिहिलं, "मावशी, घाई करू नका. आम्ही बसलोय."

एका हुशार वाचकानं परवा खालच्या चौकटीत पुढचं वाक्य सुचवलं. मावशी तडक माझ्याकडं आली.

"ह्याला कुणी विचारलं होतं हो?"

मी चहा ठेवला. वाळूची आठवण करून दिली असती, तर तिनं तो प्यायलाही नसता.

काल मात्र राहवलं नाही. तीन मजले चढून गेलो, धाप लागली होती, तरी दारातच विचारलं, "एवढं तरी सांग. म्हातारा शेवटी दुकान विकतो का?"

"राजे, तुम्ही प्रेक्षकांत आहात ना? मग बसा की गप."

"जुन्या ओळखीचा काही मान?"

"आहे ना. सूनबाई, काकांना पहिल्या रांगेत बसव," मावशी म्हणाली, आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. सूनबाईनं माझ्यापुढं खुर्ची सरकवली, कपात चहा ओतला, आणि आम्ही दोघं फोन मांडीवर घेऊन आजचा भाग यायची वाट बघत बसलो.